पाँटून बोटीचा पंखा निवडताना: आधी काटा, मग दुकान

आमची २२ फुटी पाँटून पहिल्यांदा माणसांनी भरून निघाली त्या दिवशी सगळे खूश होते. खाली ॲल्युमिनियमचे दोन लांब नळे, वर सपाट डेक, कापडी छत, मागे बाहेरून टांगलेलं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. गोराईच्या खाडीत थ्रॉटल शेवटपर्यंत ढकलला, इंजिनाने मस्त खर्ज लावला आणि बोट निघाली. परत येऊन दोर बांधत होतो, तेव्हा शेजारच्या होडीवर जाळं सांधत बसलेल्या नाखवांनी मान वर न करताच म्हटलं, "पंखा भारी परतंय तुमचा." म्हणजे प्रोपेलर इंजिनाला जड पडतोय.

त्यांनी आमचा आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा पाहिला नव्हता, नुसता आवाज ऐकला होता. मी मात्र काटा पाहिला होता. तो ४६०० वर अडकला होता, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. घरी येऊन इंजिनाचं पुस्तक उघडलं: पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६०००. म्हणजे इंजिन धापा टाकत होतं आणि आम्ही त्याला खर्ज म्हणून दाद देत होतो.

प्रोपेलरला किनाऱ्यावर सगळे पंखाच म्हणतात, मीही तेच म्हणेन. पाँटून नव्याने घेतलेल्या, घ्यायच्या विचारात असलेल्या किंवा कुणाची चालवायला मिळालेल्या माणसासाठी हे लिहितो आहे. खाडीत फिरायला असो, नाहीतर मुळशी, पवना, तापोळा अशा बॅकवॉटरला न्यायची असो, पंखा निवडायची रीत एकच. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती हॉर्सपॉवर?" आणि तेवढ्यावर एक खोका काउंटरवर येतो. तिथेच थांबा. कुठला पंखा लागेल ते हॉर्सपॉवरवरून ठरत नाही. तुमची बोट, तुमची माणसं आणि तुमचं पाणी असताना इंजिनाचा काटा कुठे पोचतो, त्यावरून तो ठरतो. म्हणून दुकान ही या लेखातली जवळजवळ शेवटची पायरी आहे.

पाँटूनचं गणित वेगळं का

फायबरची स्पीडबोट वेग घेतला की पाण्यावर चढते आणि घसरत जाते. दोन नळ्यांची, मध्यम इंजिनाची पाँटून तशी फारशी चढत नाही. ती पाणी ढकलत जाते. त्यात वर दहाबारा माणसं, कूलर, खुर्च्या, आणि छताला लागणारा वारा. बोरघाट चढणारा भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हर टॉप गिअरमध्ये हट्टाने चढवू लागला तर काय होईल? बोटीला गिअर एकच असतो, आणि तो गिअर म्हणजे पंखा.

म्हणूनच स्पीडबोटीवरून उतरवलेलं जुनं इंजिन पाँटूनला लावलं की त्याच्याबरोबर आलेला पंखा बहुतेक वेळा चुकीचाच असतो. स्पीडबोटीवर १७ पिचचा पंखा आरामात फिरवणारं इंजिन पाँटूनवर ११ किंवा १२ पिच मागतं. आमच्या बोटीची कथा हीच होती. विकणाऱ्याने इंजिनाबरोबर जो पंखा होता तोच ठेवला आणि आम्ही विचारलं नाही.

पहिली पायरी: दोन आकडे शोधा

एक आकडा इंजिनाच्या पुस्तकात मिळेल: पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमच्या पट्ट्यात फिरायला हवं. काहींना ५००० ते ६०००, काहींना ४५०० ते ५५००. मॉडेलप्रमाणे बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याचा पट्टा आपला धरू नका. पुस्तक हरवलं असेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या डीलरला विचारा.

दुसरा आकडा पंख्यावरच असतो. हबवर (पंख्याच्या मधल्या गोल भागावर) किंवा पात्याच्या मुळाशी कोरलेला, कधी रंगाखाली गेलेला. ब्रशने घासा. १४ × ११ असं काही दिसलं तर पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. काही कंपन्या नुसता पार्ट नंबर टाकतात, तेव्हा त्यावरून कॅटलॉगमध्ये पाहावं लागतं.

व्यास म्हणजे फिरताना पात्यांची टोकं जो गोल आखतात त्याची रुंदी. पिच समजायला लाकडात पिळला जाणारा स्क्रू आठवा. एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू जितका आत जातो तितका त्याचा पिच. ११ पिचचा पंखा कागदावर एका फेऱ्यात ११ इंच पुढे जातो. प्रत्यक्षात पाणी लाकडासारखं घट्ट नसल्यामुळे तो थोडा निसटतो, जसा खाजणातल्या चिखलात पाय टाकला की अर्धं पाऊल मागेच राहतं. या निसटण्याला स्लिप म्हणतात. पाँटूनला पूर्ण वेगात २० ते ३० टक्के स्लिप दिसली तर घाबरू नका, या बोटीचं ते नेहमीचं दुखणं आहे.

व्यासाची चिंता नवख्याने फार करू नये. एकाच मालिकेत कंपनी प्रत्येक पिचला साजेसा व्यास आधीच ठरवून देते: पिच कमी तर व्यास थोडा मोठा. जड आणि संथ बोटीला मोठा व्यास, लहान पिच मानवतो, एवढं लक्षात असलं की पुरे. काही इंजिनं मोठ्या गिअरकेसची (पंख्यामागच्या गिअरच्या डब्याची), जास्त रिडक्शनची येतात. साध्या आवृत्तीत गिअर रेशो १.८३ च्या आसपास, तर जास्त जोराच्या आवृत्तीत २.३३ च्या आसपास. म्हणजे इंजिन २.३३ वेळा फिरलं की पंखा एकदा फिरतो. पाँटूनसाठी नवं इंजिन घेणार असाल तर ही दुसरी आवृत्ती मागा. तिला मोठ्या व्यासाचा पंखा बसतो आणि भरलेली बोट ओढताना त्याचा फरक पहिल्याच फेरीत कळतो.

आणि काटाच नसेल तर? छोट्या इंजिनांना बऱ्याचदा नसतो. मग टॅकोमीटर बसवून घ्या, किंवा चार दिवसांसाठी कुणाचा मागून आणा. त्याशिवाय हा सगळा खटाटोप अंदाजपंचे. बसवताना एक गोष्ट तपासा: टॅकोमीटरच्या मागे पोलची (इंजिनातल्या चुंबकांच्या ध्रुवांच्या संख्येची) सेटिंग असते, ती इंजिनाच्या पुस्तकाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर काटा दिमाखात खोटं बोलतो आणि त्या खोट्यावर तुम्ही पंखा विकत घेता.

दुसरी पायरी: पंख्यावर आळ घेण्याआधी

आरपीएम कमी दिसला की पंखाच चुकीचा, असं लगेच धरू नका. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि पैसे पाण्यात जातात.

आधी बोटीचा तळ बघा. मुंबईच्या खाडीत बोट महिनाभर पाण्यात उभी राहिली की नळ्यांवर बुळबुळीत थर धरतो, मग त्यावर शिंपल्यांसारखे कडक खवले. पाँटूनला दोन नळे, म्हणजे घासला जाणारा पृष्ठभाग भरपूर. हा थर आरपीएम आणि वेग दोन्ही खातो. ओहोटीला बोट चिखलावर बसते तेव्हा खराट्याने आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने नळे साफ करा. ॲल्युमिनियमवर लोखंडी खरवडणी चालवू नका.

मग नळ्यांत पाणी शिरलंय का ते पाहा. वेल्डला केसाएवढी चीर असली तरी नळ्याचा एखादा कप्पा हळूहळू भरतो. बोट एका बाजूला किंवा मागे झुकलेली दिसेल. झाकणाचा स्क्रू असेल तर उघडून पंपाने पाणी काढा. नसेल तर बोट पाण्याबाहेर काढल्यावर नळ्यावर बोटाने ठोका, भरलेला कप्पा बद्द वाजतो. शंभर किलो पाणी म्हणजे दीड माणूस फुकटात फिरवणं.

थ्रॉटलची केबल इंजिनापर्यंत पूर्ण ओढते का? हँडल शेवटपर्यंत गेलं तरी इंजिनावरचा लिव्हर अर्ध्यातच अडकलेला मी दोनदा पाहिला आहे. इंजिन बंद ठेवून एकाने हँडल ढकलायचं आणि दुसऱ्याने मागे बघायचं, दोन मिनिटांचं काम. जुनं पेट्रोल, पाण्याचा अंश आलेलं फिल्टर, मरायला टेकलेला स्पार्क प्लग, हेही उरकून घ्या.

शेवटी इंजिनाची उंची. पंख्याच्या वर एक आडवी प्लेट असते. मेकॅनिक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं खरं काम वरून हवा खाली ओढली जाऊ न देणं. पाँटूनवर इंजिन दोन नळ्यांच्या मध्ये टांगलेलं असतं आणि नळ्यांमधून येणारं पाणी फेसाळलेलं असतं. ही प्लेट फार वर राहिली की पंखा हवा खातो, विशेषतः वळताना. आवाज एकदम चढतो, काटा उडी मारतो आणि बोट मात्र जागच्या जागी. लोक समजतात पंखा खराब झाला. इंजिन एक-दोन भोकं खाली घेतलं की रोग बरा. प्लेट ट्रान्समच्या (इंजिन टांगतात त्या मागच्या फळीच्या) तळाला समांतर आणि त्याच पातळीवर किंवा इंचभर खाली, इथून सुरुवात करा. फार खालीही नको, कारण मग पाण्यात बुडालेला गिअरकेसचा भाग वाढतो आणि तोच ओढ धरतो. शाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या पायाची, लांबीही इथेच उघडी पडते. आउटबोर्ड १५, २० आणि २५ इंची शाफ्टमध्ये येतात. पाँटूनला १५ इंची सहसा तोकडा पडतो.

तिसरी पायरी: चाचणी

आता खरी मजा. लागेल एक वही, एक फोन आणि शांत सकाळ.

वेळ निवडताना भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. मुंबईत मोठ्या उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक ४ मीटरांच्या वर जातो आणि अरुंद खाडीत त्याचा प्रवाह चांगलाच जाणवतो. भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस धरा, आणि त्यातही भरती पुरी होऊन पाणी थबकतं तो अर्धा-पाऊण तास. पाणी खोल असतं, ओढ नसते आणि वारा सहसा उठलेला नसतो. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की छतवाल्या पाँटूनची चाचणी घेण्यात अर्थ नाही.

दोन फेऱ्या घ्यायच्या. पहिली पूर्ण भाराने: टाकी भरलेली, नेहमी जितकी माणसं नेता तितकी माणसं, सामान सगळं. मित्र मिळत नसतील तर पाण्याचे कॅन भरून ठेवा, एका माणसाला ७५ किलो धरा. दुसरी फेरी हलक्या बोटीने, दोघांचीच. प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी करायची, म्हणजे उरलासुरला प्रवाह आणि वारा एकमेकांना खोडतात. थ्रॉटल हळूहळू पूर्ण उघडा, ट्रिम (इंजिन तिरकं वर-खाली करायची सोय) असेल तर इंजिन थोडं थोडं वर घेत काटा सगळ्यात जास्त कुठे जातो ते पाहा. हवा खायला लागलं की जरा खाली. १० सेकंद काटा स्थिर राहू द्या. आरपीएम आणि फोनवरच्या जीपीएसचा वेग वहीत लिहा. अर्थात समोर पाणी मोकळं असेल तिथेच. होड्यांच्या रांगेजवळ किंवा जाळी लावलेल्या पट्ट्यात पूर्ण थ्रॉटल करणाऱ्याला शिव्या पडतात, आणि त्या योग्यच असतात.

हलक्या बोटीने काटा पट्ट्याच्या वरच्या टोकाला टेकायला लागला तर हात आवरा, इंजिनाला वरच्या मर्यादेबाहेर नेऊ नका.

आमच्या वहीत तेव्हा लिहिलेलं होतं: १० माणसं, ४६००. दोघं, ४९५०. म्हणजे अगदी रिकाम्या बोटीनेही काटा पट्ट्यात शिरत नव्हता.

चौथी पायरी: आकडेमोड

नियम साधा आहे. पिच एक इंच कमी केला की पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो. वाढवला की तेवढाच उतरतो. आम्हाला भरलेल्या बोटीने ५२०० च्या आसपास यायचं होतं, म्हणजे ६०० वाढवायचे. तीन इंच. आमच्या पंख्याचा पिच होता १४, तो केला ११. बसवल्यावर भरलेल्या बोटीने ५२०० आणि दोघांनी ५६०० मिळाले.

पट्टा ५००० ते ६००० असेल तर नेमकं कुठे यायचं यावर लोक वाद घालतात. माझं मत असं: ज्या बोटीवर माणसांची संख्या रोज बदलते तिने भरलेल्या अवस्थेत पट्ट्याच्या तळाच्या थोडं वर असावं आणि रिकाम्या अवस्थेत वरच्या टोकाला टेकू नये. नेहमी दोघंच मासे पकडायला जात असाल तर हलक्या बोटीवर हिशोब करा, पण पाहुणे आले की थ्रॉटल जपून.

पिच जास्त असण्याचा त्रास मुका असतो, म्हणून तो जास्त वाईट. इंजिन शांत वाटतं, पण कमी फेऱ्यांत जास्त ओझं ओढताना ते तापतं, कार्बन धरतं, पेट्रोल खातं आणि धक्क्यावरून सुटायला वेळ घेतं. उलट बाजूला पिच फार कमी असेल तर इंजिन किंचाळतं, रेव्ह लिमिटर (आरपीएम मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा) मध्येच पकडतो आणि वेग मिळत नाही. निदान ते कानाला कळतं तरी. गंमत म्हणजे १४ वरून ११ वर आल्यावर आमचा भरलेल्या बोटीचा वेग कमी न होता किंचित वाढला, कारण इंजिन पहिल्यांदाच आपल्या पूर्ण ताकदीजवळ पोचलं.

स्लिप काढून पाहायची असेल तर: आरपीएमला पिचने गुणा, गिअर रेशोने भागा, मग ६५६ ने भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये, पंखा अजिबात न निसटता गेला असता तर मिळालेला वेग. ५६०० गुणिले ११, भागिले २.३३, भागिले ६५६, म्हणजे साधारण ४०. फोनवर ३० दिसला तर स्लिप २५ टक्के. पाँटूनला ठीक. हाच आकडा ४० टक्क्यांवर गेला तर पंखा हवा खातोय, पाती वाकली आहेत किंवा तळ घाण आहे. दुसऱ्या पायरीवर परत जा.

चाचणी घ्यायला बोटच अजून हातात नसेल, तर सुरुवातीचा अंदाज म्हणून: ४० ते ६० हॉर्सपॉवरच्या पाँटूनला पिच १० ते १३ च्या दरम्यान येतो, ९० ते ११५ ला १३ ते १५, आणि तीन नळ्यांच्या, १५० किंवा जास्तीच्या बोटी १५ ते १७ पर्यंत जातात. दुकानदाराशी बोलणं सुरू करायला हे पुरे. पैसे देताना मात्र वही पाहा.

पाण्याची उंचीही हिशोबात घ्या. इंजिनाची ताकद दर १०० मीटर उंचीला सुमारे एक टक्क्याने घटते. तापोळा ज्याच्या काठी आहे तो कोयनेचा शिवसागर पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटरवर असते. म्हणजे गोराईत नीट जमलेला पंखा तापोळ्याला सहा-सात टक्के अशक्त इंजिनाला फिरवावा लागतो. वर गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, बोट जरा खोल बसते. कायम तिकडेच ठेवणार असाल तर चाचणीही तिकडेच घ्या. बहुधा एक इंच खाली यावं लागेल.

तीन पाती की चार

तीन पात्यांचा पंखा वेगाला थोडा बरा आणि स्वस्त. चार पात्यांचा पंखा पाणी घट्ट धरतो, वळताना कमी निसटतो, थरथर कमी करतो आणि रिव्हर्सला चांगला ओढतो. माझा कौल पाँटूनसाठी चार पात्यांना. पूर्ण वेगात दीड-दोन किलोमीटर गेले तर कोण रडतंय? पाँटूनचा जीव खरा कासावीस होतो तो धक्क्याला लागताना. वारा छतावर बसतो, बोट पतंगासारखी सरकते आणि तुम्ही रिव्हर्सवर दोन सेकंद मागता. तिथे चौथं पातं कामाला येतं.

तीनवरून चारवर जाताना पिच एक इंचाने कमी घ्या, कारण जादा पातं इंजिनावर जादा ओझं टाकतं. तीन पात्यांच्या १२ ला बदली चार पात्यांचा ११.

ॲल्युमिनियम की स्टील

पोटभर भाषणं ऐकाल. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, वेग थोडा जास्त, टिकतात खूप. किंमत कित्येक पट. मोठ्या, वेगवान तीन नळ्यांच्या बोटीला त्यांचा उपयोग आहे.

आपल्या खाड्यांत नवख्याने ॲल्युमिनियम घ्यावा. कारण खाली काय आहे हे ओहोटीशिवाय कळत नाही. खडप, बुडालेले खांब, जुन्या नांगराची साखळी, आणि मधल्या पाण्यात तरंगणारे जाळ्याचे तुकडे नि प्लॅस्टिकची पोती. ॲल्युमिनियमचं पातं आदळलं की ते स्वतः वाकतं आणि धक्का गिळतं. स्टीलचं वाकत नाही, तो धक्का शाफ्टकडे आणि गिअरकडे पाठवतं. वाकलेलं ॲल्युमिनियमचं पातं दुरुस्त होतं किंवा नवा पंखा घेता येतो. गिअरकेस उघडायची वेळ आली की बिल वाचताना घाम फुटतो.

वाचलेल्या पैशातून दुसरा ॲल्युमिनियमचा पंखा घ्या आणि बोटीवर ठेवा, सोबत पाना, नट, पिना. मनोरीच्या खाडीत मध्यावर पातं तुटलं की किनाऱ्याची किंमत कळते.

खाऱ्या पाण्यात पंखा कुठलाही असो, इंजिनाचं झिंक (त्याला लावलेला जस्ताचा तुकडा) वेळच्या वेळी बदला. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यातला दुबळा झिजतो. झिंक मुद्दाम दुबळं ठेवलेलं असतं, ते झिजतं म्हणून बाकीचं वाचतं. अर्धं संपलं की नवं लावा. आणि त्याला रंग मारू नका. नव्या उत्साहात मी मारला होता.

दुकानात

आता जा. सोबत इंजिनाचा मॉडेल नंबर, वही आणि शक्य असेल तर जुना पंखा. हबच्या आतल्या स्प्लाइनचे दात कंपनीप्रमाणे आणि इंजिनाच्या आकाराप्रमाणे बदलतात. एका कंपनीचा १३ इंची पंखा दुसरीच्या १३ इंची पंख्याच्या जागी बसेल असं मानू नका. काही पंख्यांना बदलता येणारं हब किट असतं, मग इंजिन बदललं तरी पंखा वापरता येतो. असा मिळाला तर तो घ्या.

न वापरलेला पंखा बदलून मिळेल का हे आधी विचारा. एकदा पाण्यात घातला, ओरखडा पडला की कुणी परत घेत नाही. म्हणून ओळखीच्या पाँटूनवाल्याकडून एक पिच खाली किंवा वर असलेला पंखा चाचणीपुरता मागून आणणं सगळ्यात शहाणपणाचं.

जुना पंखा दारूखान्यासारख्या भंगाराच्या बाजारात स्वस्तात दिसला तर तीन गोष्टी पाहा. सपाट फरशीवर ठेवून पात्यांची टोकं फरशीपासून सारख्याच उंचीवर आहेत का. पात्याच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का. आणि हबचं रबर कोरडं पडून सुटलंय का. कोरलेला पिच खरा असेलच असं नाही, कारण दुरुस्तीवाले पाती ठोकून पिच बदलतात.

बसवणं

इंजिन बंद, न्यूट्रलमध्ये, चावी आणि किल-स्विचची क्लिप खिशात, बॅटरीची वायर काढलेली. हे सगळं करूनच पंख्याला हात लावा. प्लेट आणि पातं यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे पंखा फिरणार नाही. कॉटर पिन सरळ करून काढा, नट उघडा, मागचा वॉशर काढा, पंखा सरळ ओढा. अडकला असेल तर हातोडा नको, थोडं गंजरोधक तेल आणि दोन तास धीर.

आत एक जाड थ्रस्ट वॉशर असतो, तो कुठल्या तोंडाने बसला होता ते फोटो काढून ठेवा. तो विसरून पंखा बसवला तर हब सरळ गिअरकेसवर घासतं. शाफ्टच्या मुळाशी नायलॉनची दोरी गुंडाळली गेलीय का ते पाहा. आपल्या पाण्यात ही तपासणी दर महिन्याला करावी असं माझं ठाम मत आहे. गळाची दोरी सील कापते, मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं, आणि हे सगळं आवाज न करता.

स्प्लाइन पुसा, मरीन ग्रीस सढळ हाताने लावा, वॉशर, पंखा, मागचा वॉशर, नट. नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा. पिनेचं भोक जुळत नसेल तर थोडं पुढे आवळून जुळवा, सैल करून नाही. पिन नवी घ्या. दहा रुपयांच्या पिनेपायी पंखा खाडीच्या तळाला गेल्याचं मी पाहिलं आहे, आणि तळ म्हणजे तीन फूट चिखल. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा.

छोट्या इंजिनांवर स्प्लाइनऐवजी शिअर पिन असते, पातं आदळलं की ती तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा ठोकण्याची युक्ती कुणी शिकवली तर ऐकू नका. मोठ्या इंजिनांत हेच काम हबमधलं रबर करतं. ते सुटलं की आरपीएम चढतो, बोट मात्र पुढे सरकत नाही, अगदी हवा खाल्ल्यासारखं. फरक ओळखायला हबवर आणि पंख्याच्या आतल्या नळीवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रबर सुटलंय.

नवा पंखा बसला की चाचणी पुन्हा, पहिल्याइतकीच नीट, त्याच वहीत. एका झटक्यात जमलं तर नशीब. दुसऱ्या प्रयत्नात जमणं नेहमीचं.

आणि पाँटून घेऊन गेटवेहून मांडव्याला जायचं कुणाच्या मनात असेल तर कुठलाही पंखा त्याला उपयोगी नाही. दोन नळ्यांची बोट खाडीची आणि तलावाची. मोकळ्या समुद्राची लाट पुढून डेकखाली शिरली की काय होतं ते अनुभवायला जाऊ नका.

पावसाळ्यात

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. आपलीही वर घ्या आणि पंखा काढून घरी आणा. गोड्या पाण्याने धुवा, पात्यांच्या कडांवरून बोट फिरवा. लहान खाचा कानशीने गुळगुळीत करता येतात, पण तिन्ही-चारही पात्यांना सारख्याच, नाहीतर पंखा थरथरतो. नखाएवढ्याहून मोठी खाच किंवा वाकलेलं टोक असेल तर दुरुस्तीला द्या आणि परत घेताना पिच तोच राहिलाय का ते विचारा. दोन्ही पंख्यांवर पक्क्या मार्करने व्यास, पिच आणि त्याने दिलेला आरपीएम लिहून ठेवा. सप्टेंबरात काहीही आठवत नाही.

त्याच वेळी गिअरकेसचा खालचा स्क्रू उघडून थोडं तेल वाटीत घ्या. मधासारखं किंवा काळसर पण स्वच्छ असेल तर बदलून टाका. दुधी दिसलं तर पाणी शिरलंय. मग बोट पाण्यात उतरवण्याआधी सील बदलून घ्या.